शक्ती विधेयक की पोक्सोची अंमलबजावणी?

बाललैंगिक अत्याचारासाठी राज्याने स्वतःचा कडक कायदा करावा, हा एक मार्ग. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१मध्ये फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले. पण केंद्रीय कायद्यांत बदल करायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते. तिथेच ते अडकले.

दुसरा मार्ग पोक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचाराविरुद्धचा केंद्रीय कायदा, नीट राबवण्याचा. अतिगंभीर गुन्ह्यांना फाशी तर त्यात २०१९पासूनच आहे! कलम ३५ म्हणते, न्यायालयाने दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष तीस दिवसांत, खटला शक्यतो वर्षभरात. आरोपी बहुधा ओळखीचा, अनेकदा घरचाच असतो. काकाला फाशी होईल या धास्तीने तक्रारच दाबली जाऊ शकते. मला म्हणूनच दुसरा मार्ग पटतो: विशेष न्यायालये वाढवा, सरकारी वकील वेळेवर नेमा, मुलाला तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.