डी-४ तर खेळायचं, पण पुढे काय? क्वीन्स गॅम्बिट की लंडन

बुद्धिबळाची टूर्नामेंट तोंडावर आलीये, पांढऱ्याने पहिली चाल डी-४ (वजिरापुढचं प्यादं दोन घरं) करायची ठरलंय, पण पुढच्या या दोन ओपनिंगमधे (सुरुवातीच्या ठरलेल्या चालींमधे) अडकलायस, तर माझं मत सांगतो.

पाठांतर बघशील तर लंडन सोपं, उंट एफ-४ वर, मग ई-३, घोडा एफ-३, सी-३, समोरचा काहीही खेळो बहुतेक वेळा हेच. पण डोळे झाकून खेळलास की तो सी-५ करून वजीर बी-६ वर आणतो आणि बी-२ चं प्यादं लटकतं, कारण राखणदार उंट बाहेर गेलेला असतो.

गॅम्बिटमधे, म्हणजे त्याने डी-५ केल्यावर सी-४ करून ते प्यादं त्याच्यापुढे ठेवण्यात, अभ्यास जास्त, त्याने सी-६ केलं तर स्लाव वेगळं, ई-६ केलं तर डिक्लाइन्ड वेगळं. प्यादं जाईल ही भीती मात्र सोड. त्याने सी-४ चं प्यादं खाऊन बी-५ ने धरून ठेवलं तर तू ई-३, ए-४, त्याने सी-६ केलं की बी-५ वर मारामारी आणि मग वजीर एफ-३, कोपऱ्यातला हत्ती अडकलाच!

लंडन म्हणजे बोअर असं नाही हां, २०२३ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे चीनच्या डिंग लिरेनने सहावा गेम लंडननेच जिंकला. १९७२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे अमेरिकेच्या बॉबी फिशरने जिंकलेला सहावा गेम क्वीन्स गॅम्बिटचा.

आठवडाभरच हातात असेल तर लंडन घे. वर्षभर शिकायची तयारी असेल तर गॅम्बिटच, प्याद्यांची रचना खरी तिथेच कळते.