‘२०० वॉटचा व्हिडिओ लाइट’ उघडल्यावर

सोलापूरच्या पूर्व भागात घरून चादरी-टॉवेल विकणाऱ्या एकाने रील्ससाठी दोन ‘व्हिडिओ लाइट’ घेतले. खोक्यावर ठळक छापलेलं: २०० वॉट, सीआरआय (लाइटखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५. जोडीचे साडेपाच हजार. पंधरा दिवसांत चादरी परत यायला लागल्या, आणि तक्रार सगळ्यांची एकच: व्हिडिओत विटकरी दिसली, घरी आली ती लालभडक.

मागचे चार स्क्रू काढले की सगळं कळतं. आत गेटवर लावतात तो साधा फ्लडलाइट. त्याला काळा रंग मारलेला, खाली स्टँडसाठी नट बसवलेला, वर नवं स्टिकर. नखाने स्टिकर उचललं तर खालच्या स्टिकरवर ५० वॉट. आणि वॉटमीटरला लावल्यावर भरले ३८.

प्लेट डीओबी, म्हणजे एलईडीचे दाणे आणि ड्रायव्हरची, म्हणजे त्यांचा करंट सांभाळणारी, आयसी एकाच पत्र्यावर. वीज साठवून उजेड स्थिर ठेवणारा कपॅसिटर नाहीच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा लाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला कळत नाही, पण व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. पत्र्यामागे उष्णता डब्याकडे नेणाऱ्या थर्मल पेस्टचा ठिपकासुद्धा नव्हता. प्लेट तापली की आयसी स्वतःला वाचवायला करंट कमी करते आणि उजेड उतरतो. दुकानात अर्धा मिनिट लावून दाखवतात तेव्हा हे दिसणार कसं? सोलापूरचा एप्रिल-मे, पंखा बंद ठेवून शूटिंग. वीस मिनिटांत फरक पडतो.

फसवणुकीपेक्षा गंभीर गोष्ट वायरीत होती. डबा धातूचा, पिन दोनच, अर्थिंग नाही. डीओबीत मेन्सपासून डबा वेगळा ठेवणारा फक्त पत्र्यावरचा पातळ थर असतो. तो फाटला की डबाच करंट मारतो. टेस्टर लावला तर हलका पेटला. असा लाइट तीन कोअर वायर आणि थ्री-पिन टॉप लावून, डब्याला अर्थ दिल्याशिवाय हातात घेऊच नका.

घेण्याआधी मोबाइल काढा. स्लो-मोशन, २४० फ्रेम, लाइटकडे धरा; उजेड धडधडताना दिसला तर परत ठेवा. साध्या व्हिडिओवर तपासू नका, फोन कधी कधी पट्टे लपवतो. रंगासाठी लाल कापडाचा तुकडा खिशात असू द्या. आधी दुकानाच्या दारात उन्हात बघा, मग लाइटखाली. लाल तपकिरीकडे झुकला तर खोक्यावरचा ९५ हा नुसता छापलेला आकडा.

वॉट घरच्या वीजमीटरवर निघतात. बाकी सगळं बंद, फ्रिज-राउटरसुद्धा, फक्त लाइट चालू. मीटरवर ३२०० इम्प (म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक) लिहिलं असेल तर लाल दिवा दहा वेळा लुकलुकायला लागलेले सेकंद मोजा आणि ११,२५० ला त्याने भागा. खरा २०० वॉटचा लाइट दहा लुकलुक ५६ सेकंदांत करतो. या लाइटला जवळजवळ पाच मिनिटं लागली.

गंमत म्हणजे घरगुती लाइटवर उत्तम शूटिंग होतं, फक्त ते घरगुती म्हणून घरगुती भावात घ्यावेत. २० वॉटच्या चार फुटी एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारख्या लांब पट्ट्या) चार घ्या, एकाच खोक्यातल्या, एकाच रंगाच्या. खिडकीचा उजेड मिसळणार असेल तर ६५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा रंग. चार बाय दोन फुटांचा प्लाय, त्याला पांढरा रंग, दोन बॅटनमध्ये पाच-साडेपाच इंच. समोर आठ इंचांवर चौकटीत ताणलेला बटर पेपर किंवा पांढरं मलमल, नाहीतर कपड्याच्या घडीला चार-चार सावल्या पडतात. बॅटन दोन-दोनच्या जोडीत दोन स्विचवर घ्या, म्हणजे उजेड निम्मा करता येतो. फॅनचा रेग्युलेटर लावायचा मोह आवरा, साध्या एलईडीला तो लावला की लुकलुक सुरू. बॅटनचीही स्लो-मोशन तपासणी आधी कराच, त्यातही डीओबी निघतात. पट्टे टाळायला फोनमध्ये शटर हाताने १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा.

लाइट घेऊन बसलाच असाल तर बिल बघा. वरच्या प्रकरणात बिलावर नुसतं ‘एलईडी लाइट, २ नग’. वॉट नाही, मॉडेल नाही. दुकानदार म्हणाला, “मी कुठं दोनशे लिहून दिलंय?” म्हणून वॉट आणि सीआरआय बिलावर लिहून मागा, जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नका. खोकं टाकू नका, छापील दावा तिथेच असतो. वॉटमीटरचा आकडा आणि दोन्ही स्टिकर एकाच फोटोत घ्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची.