गॅस भरण्याआधी गळती शोधणारी एसी सर्व्हिस

गॅस कमी झालाय असं सांगून थेट सिलिंडर जोडणारे मेकॅनिक भरपूर भेटतात, म्हणून या सर्व्हिसबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं. आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, आर-३२ गॅसचा. इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरायचा, आऊटडोअरजवळ बारीक पाइपावरही पांढरा थर यायचा, आणि खोली मात्र गार होत नव्हती. याआधी दुसऱ्या एका सर्व्हिसवाल्याने गेज लावून, काटा बघून गॅस मारला होता. त्याने गळती शोधलीच नाही, आणि काही महिन्यांत पुन्हा तेच सुरू झालं.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला, दुसरं काही कारणच नाही. दरवर्षी गॅस भरावाच लागतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

या वेळी आलेल्या टेक्निशियननी आधी फिल्टर काढून पाहिला. फिल्टर तुंबला तरी कॉइलवर बर्फ धरतो. आमचा स्वच्छ होता. मग म्हणाले, "ताई, एसी पूर्ण बंद करा, खोलीतला पंखाही." वाऱ्याने गळणारा गॅस पांगतो आणि गळती हुंगणाऱ्या डिटेक्टरला सापडत नाही. त्यांनी डिटेक्टरचं टोक पाइपाच्या खालच्या बाजूने अगदी सावकाश फिरवलं. आर-३२ हवेपेक्षा जड असतो, तो खाली उतरतो. साबणाचं पाणी यानंतर. आधीच लावलं तर डिटेक्टरचं टोक ओलं होऊन बिघडतं.

इनडोअरच्या मागे, जाड पाइपाच्या फ्लेअर नटपाशी (पाइपाचं फुलवलेलं टोक आवळून धरणारा नट) डिटेक्टर वाजला. त्यांनी वरचं काळं फोमचं आवरण कापलं. नटाभोवती धूळ चिकटून काळपट झालेलं तेलकट कडं होतं. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरत असतं, त्यामुळे गॅस गळतो तिथे बऱ्याचदा असा डाग पडतो. साबणाचं पाणी लावल्यावर मोठा बुडबुडा आला नाही. बारीक पांढरा फेस जागच्या जागी हळूहळू वाढत राहिला. एवढीशी गळती, पण मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या ७४० ग्रॅमपैकी आत फक्त ४३० ग्रॅम उरला होता.

हा आकडा कळला कारण नट सोडवण्याआधी त्यांनी उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि वजन केलं. हवेत सोडून दिला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १०० वर्षांच्या हिशेबाने १ किलो आर-३२ हवा तापवण्यात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. शिवाय हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे. सहज पेट घेत नाही, पण बंद खोलीत साचू देणं धोक्याचंच. काम सुरू करण्याआधीच त्यांनी खिडक्या उघडल्या आणि शेजारच्या खोलीतली शेगडी बंद करायला लावली.

नट नुसता आवळला असता तर काम पाच मिनिटांत आटोपलं असतं. त्यांनी तो उघडला. तांब्याच्या फुलवलेल्या काठाला केसासारखी चीर होती, आवळल्यावर ती आणखी पसरली असती. तेवढं टोक कापून, आतली कड साफ करून त्यांनी नवा फ्लेअर केला आणि टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, बसवला.

मग गळती उरली नाही ना हे तपासायला नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरला, रेग्युलेटर लावून, टप्प्याटप्प्याने ४०० पीएसआय (दाबाचं एकक) पर्यंत, म्हणजे मशीनच्या पाटीवरच्या मर्यादेच्या आत. इथे नायट्रोजनच हवा. कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. वाट बघताना काटा किंचित उतरला तेव्हा मला धास्ती वाटली. त्यांनी थर्मामीटर दाखवला. इतक्या दाबाला तापमान एका अंशाने उतरलं तर दाबही साधारण दीड पीएसआयने उतरतो, आणि ऊन उतरलं होतं. तापमानाचा हिशेब धरला तर गळती नव्हती.

नायट्रोजन सोडून, नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायला व्हॅक्यूम पंप लावला. मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब मोजणारं) ५००च्या खाली गेल्यावर व्हॉल्व्ह बंद करून थांबले. एवढ्या कमी दाबात नळ्यांतल्या पाण्याचीही वाफ होऊन निघून जाते. बंद केल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती. आमचा जवळपास हलला नाही.

गॅस भरला तो वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, नवा, ७४० ग्रॅम. आमचा पाइप कंपनीने धरलेल्या लांबीत बसतो, म्हणून जास्तीचा लागला नाही. फक्त प्रेशर बघून भरणं, तेही इन्व्हर्टर मशीनमध्ये, मला आता पटत नाही. बाहेरचं तापमान आणि कॉम्प्रेसरचा वेग बदलला की प्रेशरही बदलतं. शेवटी क्लॅम्प मीटरने करंट पाहिला आणि आत जाणारी हवा २६, बाहेर येणारी १४ अंश असल्याचं दाखवून दिलं.

पैसे नुसता गॅस मारण्यापेक्षा बरेच जास्त लागले, पण रिकव्हरी, नायट्रोजन, गॅस असा वेगवेगळा हिशेब आधीच दिला होता. वेळही बराच जातो. घाईच्या दिवशी बोलावू नका.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो गॉगल नव्हता म्हणून. हातमोजे होते, डोळे उघडे. आर-३२ मोकळ्या हवेत उणे ५२ अंशाच्या आसपास उकळतो, होज निसटून द्रव डोळ्यात उडाला तर कायमची इजा होऊ शकते. इतकं नेटकं काम करणाऱ्या माणसाला कंपनीने गॉगल द्यायलाच हवा, आणि तसं मी त्यांच्या ऑफिसला फोन करून सांगितलंय.