ब्रोमिन सोडून क्लोरिन: खर्च गोळ्यांचा नव्हे, पाण्याचा

“गोळ्या बदला, बाकी काही करावे लागत नाही,” असे विक्रेत्याने सांगितले होते. गंगापूर रोडवरील आमच्या घरामागच्या, सुमारे ४० हजार लिटरच्या उघड्या पोहण्याच्या तलावात पाणी निर्जंतुक करायला काही महिने ब्रोमिनऐवजी क्लोरिन वापरल्यानंतर या वाक्याची चीड अधिकच वाढली आहे.

ब्रोमिन सोडण्याचे कारण सरळ होते. पाण्यात सायन्युरिक आम्ल हे स्थिरकारक रसायन असले की क्लोरिन उन्हात टिकते. ब्रोमिनला तसे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे नाशिकच्या एप्रिलमध्ये महागड्या गोळ्या अक्षरशः उन्हात जात होत्या. मात्र क्लोरिन सुरू करूनही खप तसाच राहिला आणि पहिल्या महिन्यात या बदलाला मी शून्य गुण दिले असते. जुन्या पाण्यात साचलेले ब्रोमाइड (वापरून झालेल्या ब्रोमिनचा उरलेला क्षार) कोठेही जात नाही, नवे क्लोरिन त्याचेच पुन्हा ब्रोमिन करत राहते, आणि चाचणीच्या रंगावरून दोहोंतला फरक कळत नाही, ही माहिती विक्रेत्याने द्यायला हवी होती. पाणी बदलणे हाच व्यवहार्य उपाय आहे, म्हणजे ऐन टंचाईत टँकर! तलाव पावसाळ्यापूर्वीच रिकामा केला, कारण भूजल चढल्यावर रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाऊ शकते. ते पाणी झाडांना घालण्याचे धाडस झाले नाही. ते गटारात जाताना पाहणे टँकरच्या बिलापेक्षा जड गेले.

नव्या पाण्यात सायन्युरिक आम्ल ३० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३० भाग) आणल्यावर मात्र मत बदलले. सकाळी मोजलेले क्लोरिन संध्याकाळीही बऱ्यापैकी शिल्लक दिसू लागले. वास ब्रोमिनपेक्षा उग्र आहे आणि मुलांची त्याबद्दल तक्रार आहे. ती मी खर्चाच्या बाजूने निकालात काढली आहे. गोळ्यांचा तरंगता डबा तेवढा नवा घ्यावा. ब्रोमिनचे अवशेष असलेल्या डब्यात ट्रायक्लोर (क्लोरिनच्या नेहमीच्या गोळ्या, ज्यांत सायन्युरिक आम्लही असते) टाकल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो, तेथे काटकसर नको.

ट्रायक्लोरबद्दलचे माझे समाधानही फार टिकले नाही. त्याच्या प्रत्येक १ पीपीएम क्लोरिनमागे पाण्यात सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल वाढते, आणि ते फार वाढले की क्लोरिन मंदावते. मग पुन्हा पाणी बदला. कॅल्शियम हायपोक्लोराइट या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरिनने पाण्याचा कठीणपणा वाढतो, त्यामुळे बोअरवेलचे जड पाणी भरणाऱ्यांनी ते जपून वापरावे. मी आता द्रव सोडियम हायपोक्लोराइटवर, म्हणजे सायन्युरिक आम्ल नसलेल्या पातळ क्लोरिनवर आलो आहे. उष्णतेत त्याची ताकद घटते, म्हणून लहान कॅन आणून सावलीत ठेवतो. रोज माप घालण्याचा त्रास आहे, पण टँकर बोलवावा लागत नाही.