हॅरिसची म्हणून घेतलेली सायकल

रेग हॅरिस या ब्रिटिश सायकलपटूने 1947 साली हौशी गटात आणि पुढे 1949, 1950, 1951 व 1954 साली व्यावसायिक गटात स्प्रिंटचे जगज्जेतेपद मिळवले आणि व्यावसायिक झाल्यावर तो रॅलेची सायकल चालवत असे, एवढे मला ठाऊक होते. मालवणच्या एका विक्रेत्याला तेवढेच पुरले. आपले मामा बोटीवर खलाशी होते, त्यांनी हॅरिसची ट्रॅकवरची सायकल इंग्लंडातून आणली, असे सांगून त्याने एक पिवळे पडलेले टंकलिखित पत्रही दाखवले.

सायकलीला ब्रेक नव्हते. पेडल उलटे फिरवले की मागचे चाकही उलटे फिरत होते, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणारे फ्रीव्हील नाही, आणि मागचा आस बसतो ती खाच मागच्या बाजूने उघडी होती. ट्रॅक सायकलीची म्हणून वाचलेली तिन्ही लक्षणे जुळली, तेव्हा मी 62,000 रुपये मोजले (आठ हजारांची घासाघीस केल्याचे समाधान वेगळेच).

रत्नागिरीला आणल्यावर आमच्या आळीतल्या जुन्या मिस्त्रींनी चाक काढून माझ्यापुढे धरले. "भाऊ, हा आपला नेहमीचाच फ्रीव्हील. वेल्डिंग मारून जाम केलाय." दात्यांच्या कड्याला लागून वेल्डिंगची बारीक रेघ होती, कानसून वर काळा रंग फासलेली. खऱ्या ट्रॅक सायकलीच्या मागच्या हबवर दात्यांच्या चक्राबाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते, त्यामुळे पेडल मागे दाबले तरी चक्र सुटत नाही. इथे ते आटेच नव्हते. खाचेचे तर काय सांगावे! चेन ताणता यावी म्हणून आपल्या साध्या दांडीच्या सायकलीचीही खाच मागेच उघडते, हे शाळेच्या वाटेवर शंभरदा चेन चढवलेल्या मला सुचले नाही. पुढच्या चिमट्यावरचा रंग खरवडला, तेव्हा दिवा अडकवायचा कान कापून टाकल्याची खूण दिसली. मिरकरवाड्यात मासळीच्या काट्यावर सायकल 14 किलो भरली. रेनॉल्ड्स 531 या हलक्या पोलादी नळ्यांची त्या काळची ट्रॅक सायकल नऊ किलोच्या आसपास असते.

पत्र मी नीट वाचले ते त्यानंतर. हॅरिसने 1952 चे जगज्जेतेपद याच सायकलीवर मिळवले, असे त्यात होते. त्या वर्षी व्यावसायिक स्प्रिंट जिंकली ती स्वित्झर्लंडच्या ऑस्कर प्लाटनरने. रागाच्या भरात मी विक्रेत्याला फोन करून हे सारे सुनावले. तो शांतपणे ऐकत होता, मध्ये एकदा "मग हॅरिस शेवटचा कधी जिंकला म्हणालात?" असे त्याने विचारलेही, आणि मी सांगितले. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

गेल्या आठवड्यात गुहागरच्या एका परिचितांनी, घेऊ का म्हणून विचारत, मला अशाच एका सायकलीचे फोटो पाठवले. सोबत तेच पत्र होते, फक्त त्यात आता 1954 होते.