चाळीस तासांची हमी नेमकी कुठल्या कागदावर आहे?

अमेरिकेत ट्रॅव्हल स्पीच थेरपिस्ट म्हणून, म्हणजे एजन्सीमार्फत थोड्या आठवड्यांसाठी वेगवेगळ्या गावी जाऊन, काम करायचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुंबईत नायर किंवा अली यावर जंग संस्थेतून, पुण्यात भारती विद्यापीठातून बीएएसएलपी, म्हणजे वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी, करून आपल्या कितीतरी मुली इथे मास्टर्सला येतात. पुढे 36 आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप, मग अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचं प्रमाणपत्र, त्याशिवाय प्रत्येक राज्याचं वेगळं लायसन्स. एवढं सगळं पार केल्यावर रिक्रूटरचे फोन सुरू होतात आणि आठवड्याचा आकडा ऐकून कुणालाही वाटतं की कष्टांचं चीज झालं. पश्चिम कॅन्ससमधल्या एका कॉन्ट्रॅक्टवर एजन्सीने माझी सरळसरळ फसवणूक केली. माझे पैसे गेले, पण त्याच व्यवहारात तिथल्या म्हाताऱ्या रुग्णांच्या हक्काची थेरपीही गेली. ते जास्त लागलं, म्हणून सविस्तर सांगते.

आधी हा व्यवहार कसा चालतो ते. छोट्या गावांमध्ये स्पीच थेरपिस्ट मिळत नाही, किंवा असलेली बाळंतपणाच्या रजेवर जाते. मग तिथली संस्था एजन्सीला कळवते आणि एजन्सी साधारण 13 आठवड्यांसाठी आपल्याला पाठवते. संस्था पैसे एजन्सीला देते, आपल्याला पगार एजन्सी देते. पगाराचे दोन भाग असतात. एक तासाचा, त्यावर कर लागतो. दुसरा राहण्या-जेवणाचा स्टायपेंड. तुमचं कायमचं घर दुसरीकडे असेल, त्याचा खर्च तुम्ही खरोखर करत असाल आणि एका ठिकाणचं काम वर्षाच्या आतलं असेल, तर स्टायपेंडवर कर लागत नाही. त्याची वरची मर्यादा केंद्र सरकारच्या दरांवरून ठरते. 2024-25 मध्ये ज्या गावांना स्वतंत्र दर नाही तिथे राहण्याचे रोजचे 110 डॉलर आणि जेवणाखाण्याचे 68 होते. ही कमाल मर्यादा आहे. तेवढे दिलेच पाहिजेत असं एजन्सीवर बंधन नसतं, हे रिक्रूटर सहसा बोलत नाहीत.

मी एच-4 ईएडीवर आहे, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, घर न्यू जर्सीत एडिसनला. त्यामुळे टॅक्स होमची, म्हणजे करासाठी लागणाऱ्या त्या कायमच्या घराची, अडचण नव्हती. मला आलेली ऑफर अशी होती: तासाला 24 डॉलर, 40 तासांचे 960, अधिक आठवड्याला 1,040 स्टायपेंड. एकूण 2,000. मी फोनवर विचारलं, की रुग्ण कमी झाले तर तास कमी होतील का? रिक्रूटर म्हणाली, अजिबात नाही, चाळीस तासांची हमी आहे. मी तेच मेसेजवर पुन्हा विचारलं. तिने मेसेजवरही ‘हो, गॅरंटीड’ असं लिहून दिलं. तिच्या बोलण्यात इतका आपलेपणा होता! माझ्या मुलाच्या शाळेचीसुद्धा चौकशी करायची. आता कळतं की ती फोनवर प्रेमळ असणं हाच तिच्या कामाचा भाग आहे.

कॅन्ससचं लायसन्स हातात आलं, सामान बांधून झालं, तिथल्या घराचं पूर्ण 13 आठवड्यांचं भाडं ठरवून डिपॉझिट भरलं. अशा गावात महिन्याच्या बोलीवर फर्निचरसकट घर मिळणं कठीण असतं, मिळालं की मालक मुदत मोडू देत नाही. हे सगळं उरकल्यावर, रुजू व्हायच्या तोंडावर, एजन्सीने ‘असाइनमेंट कन्फर्मेशन’ नावाचा कागद सहीसाठी पाठवला. मूळ करारात तासांबद्दल जे होतं ते ‘कन्फर्मेशनप्रमाणे’ एवढंच होतं, आणि कन्फर्मेशनमध्ये लिहिलं होतं की तास संस्थेच्या रुग्णसंख्येवर अवलंबून राहतील आणि न भरलेल्या प्रत्येक तासाला स्टायपेंडमधून 26 डॉलर वजा होतील. मी लगेच फोन केला. उत्तर मिळालं, ‘ती छापील भाषा आहे, सगळ्यांनाच जाते, तुझे चाळीस पक्के आहेत.’ लक्षात घ्या, हा कागद त्या वेळीच येतो याला कारण आहे. तोवर तुमचे पैसे गुंतलेले असतात, नाही म्हणायची सोय उरलेली नसते.

ती संस्था होती स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी. हॉस्पिटलमधून सुटी मिळालेली, पण घरी जाण्याइतकी ताकद नसलेली वयस्कर माणसं तिथे असतात. पक्षाघातानंतर बोलणं गेलेले, गिळताना ठसका लागणारे, स्मृती ढासळलेले. सभोवार गव्हाची शेतं आणि गुरांचे मोठमोठे फीडलॉट. गिळण्याचा एक्स-रे, म्हणजे मॉडिफाइड बेरियम स्वॉलो, करायचा तर रुग्णाला गाडीत घालून दूरच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. अशा ठिकाणी स्पीच थेरपिस्टची किती गरज असते हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. आणि त्याच आठवड्यात जेवणाच्या सुटीनंतर मला घरी पाठवायला सुरुवात झाली. ‘सेन्सस लो आहे’, म्हणजे रुग्ण कमी आहेत, एवढंच कारण.

खोल्या तर भरलेल्या होत्या. मग हे काय चाललं आहे ते हळूहळू उलगडलं, आणि ते समजून घेणं या कामात असलेल्या प्रत्येकीला गरजेचं आहे. 1 ऑक्टोबर 2019 पूर्वी मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वयस्करांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, अशा संस्थांना थेरपीच्या मिनिटांवर पैसे द्यायचं. त्यात उलटा रोग होता. गरज नसताना मिनिटं वाढवायची. त्या प्रकरणांत 2016 साली एका मोठ्या कंपनीने 12.5 कोटी डॉलर आणि दुसरीने 14.5 कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. नव्या पद्धतीत मिनिटं गेली. आता रुग्णाची अवस्था काय आहे यावर दर ठरतो. त्यातल्या स्पीच थेरपीच्या भागाचा दर ठरताना मेंदूचा ताजा आजार, बोलण्या-गिळण्याशी संबंधित जोडीचे आजार, आकलनातली घट, गिळण्याचा त्रास आणि मऊ किंवा बारीक करून दिलेला आहार, या गोष्टी मोजल्या जातात. आणि हे सगळं मुख्यतः दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांच्या मूल्यमापनातून येतं.

आता हिशेब बघा. मूल्यमापन करून गिळण्याचा त्रास नोंदवला की संस्थेचा दर वाढला. त्यानंतर मी त्या रुग्णाला आठवड्यातून पाच वेळा बघितलं काय आणि दोनदा बघितलं काय, संस्थेला मिळणारे पैसे तेवढेच. माझा तास मात्र त्यांना खर्चात पडतो. म्हणून मी मूल्यमापनापुरती हवी होते. नवा रुग्ण आला की तातडीने बोलावणं, कागद भरून झाला की ‘आज लवकर गेलीस तरी चालेल’. पक्षाघातानंतर शब्दच सापडत नसलेले एक शेतकरी आजोबा होते. त्यांना आठवड्यातून पाच वेळा थेरपी द्यायची असं मी लिहिलं होतं. सुरुवातीचे ते महिने किती मोलाचे असतात हे कोणत्याही स्पीच थेरपिस्टला विचारा. रिहॅबच्या मॅनेजरने वेळापत्रकात दोन वेळा ठेवल्या. त्यांची बायको रोज जेवणाच्या वेळी येऊन विचारायची, आज झाली का प्रॅक्टिस? मला घरी पाठवलेलं असायचं.

पगाराचं म्हणाल, तर 25 तास भरलेल्या आठवड्याचं गणित असं. तासाचे 600. स्टायपेंडमधून 15 तासांचे 390 कापून 650. दोन हजारांच्या जागी 1,250. घरभाडं तेवढंच. एडिसनचा खर्च तेवढाच. घरी मी गेले नव्हते, त्यांनी मला पाठवलं होतं. तरी दंड माझ्याच खात्यातून. मी एजन्सीला फोनवर हमीची आठवण करून दिली, रिक्रूटरचा मेसेज पाठवला. तिने सरळ हात वर केले, कन्फर्मेशनवर सही कुणाची आहे ते बघ म्हणाली.

हा गैरसमज नव्हता, हे तिथल्याच एका जुन्या ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटकडून कळलं. माझ्या आधी त्याच एजन्सीची थेरपिस्ट आली होती. तिलाही चाळीस तास सांगितले होते, तीही अर्ध्यातून गेली. म्हणजे त्या इमारतीत चाळीस तास मिळत नाहीत हे एजन्सीला ठाऊक होतं. ठाऊक असून तोच शब्द मला दिला.

शेवटाला कारण ठरल्या एक आजी. त्या व्यवस्थित जेवत होत्या, खोकला नाही, तोंडात घास रेंगाळत नाही. मॅनेजरचं म्हणणं, थोडा त्रास आहे असं लिही आणि मेकॅनिकल सॉफ्ट आहार सुचव. ज्या बाईला पोळीसारखं काही चावून खाता येतं तिच्या ताटात वाटलेलं अन्न जाणार, तेही कागदावरचा दर वाढावा म्हणून! मी नकार दिला. आपल्या व्यवसायाच्या आचारसंहितेत निदानाबद्दल खोटी नोंद करणं स्पष्ट निषिद्ध आहे, आणि मेडिकेअरला खोटी माहिती पाठवणं कायद्याने गुन्हा आहे. लायसन्स तुमचं असतं. चौकशी झाली तर सही तुमची निघते, मॅनेजरची नाही. काही दिवसांत संस्थेने कॉन्ट्रॅक्ट रद्द केलं. एजन्सीने त्याची नोंद ‘थेरपिस्टच्या कारणाने समाप्ती’ अशी केली आणि शेवटच्या पगारातून लायसन्सची फी, प्रवासखर्च आणि ‘झालेलं नुकसान’ असं नाव देऊन आणखी रक्कम कापली. हातात जे आलं त्यातून त्या महिन्याचं भाडंसुद्धा निघत नव्हतं.

त्यातले काही पैसे परत मिळाले. कसे, ते सांगते, कारण पुष्कळ जणी इथेच सोडून देतात. कॅन्ससच्या वेतन कायद्यात मालकाला पगारातून हवी ती रक्कम कापता येत नाही, कामगाराच्या लेखी संमतीशिवाय तर नाहीच. शेवटचा पगारही पुढच्या नेहमीच्या पगाराच्या दिवसापर्यंत द्यावा लागतो. मी राज्याच्या कामगार खात्याकडे वेतनाचा दावा केला. सोबत टाइमशीट, पे स्टब, रिक्रूटरचे मेसेज आणि मला घरी पाठवल्याच्या नोंदी जोडल्या. नोंदी मी रोज स्वतःच्या वहीत करत होते, किती वाजता आणि कुणी सांगितलं ते. रुग्णांचं नाव किंवा माहिती त्यात कधीच लिहू नका, तो वेगळा गुन्हा होईल. ‘नुकसान’ म्हणून कापलेली रक्कम आणि लायसन्सची फी एजन्सीने निमूटपणे परत केली. स्टायपेंड मात्र पगार नाही, खर्चाची भरपाई आहे, असं म्हणत त्यांनी तो सोडला नाही.

हे म्हणणं मला अजूनही पटत नाही. भरपाई असेल तर ती खर्चाप्रमाणे हवी. कमी तास काम केलं म्हणून माझं भाडं कमी होत नाही. 2021 साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ट्रॅव्हल नर्सच्या एका खटल्यात याच मुद्द्यावर निकाल दिला, की तासांप्रमाणे कमी होणारा पर डिएम, म्हणजे राहण्या-जेवणाचा स्टायपेंड, हा प्रत्यक्षात कामाचा मोबदलाच आहे आणि ओव्हरटाइमचा दर काढताना तो धरला पाहिजे. कॅन्सस त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, पण कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ॲरिझोना येतात. तिकडे काम करणाऱ्यांनी हा निकाल जरूर माहीत करून घ्यावा. शिवाय तासाचा दर मुद्दाम खाली ठेवून उरलेलं स्टायपेंडच्या नावाने द्यायचं, याकडे आयआरएस, म्हणजे केंद्राचं कर खातंही, संशयाने बघतं. त्यात तुमचंही नुकसान आहे. सोशल सिक्युरिटीत कमी जमा होतं, आणि घराच्या कर्जाला गेलात की बँक करपात्र पगाराकडे बघते.

एच-1बीवर असलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तुमच्या व्हिसासाठी मालकाने भरलेली याचिका कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असते. 2015 पासून, त्या महानगर क्षेत्राबाहेर ठिकाण बदललं तर सुधारित याचिका भरावी लागते. म्हणून ‘दर तीन महिन्यांनी नवं राज्य, व्हिसा आम्ही बघतो’ असं कुणी सहज म्हणालं तर वकिलाचं पत्र मागा. दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे. काम नाही म्हणून एच-1बी मालक तुम्हाला बिनपगारी बसवू शकत नाही, बेंचवरचा पगार द्यावाच लागतो. नोकरी गेली तर 60 दिवसांपर्यंतची मुदत मिळते. या भीतीवरच काही लोक दबाव आणतात.

आता मी कोणत्याही रिक्रूटरला लायसन्सचा अर्ज भरण्याआधी कन्फर्मेशनचा पूर्ण मसुदा मागते. त्यात गॅरंटीड तासांचा आकडा हवा, आणि संस्थेने घरी पाठवलं तर पगार आणि स्टायपेंड दोन्ही पूर्ण मिळतील हे वाक्य हवं. कॉन्ट्रॅक्ट संस्थेने रद्द केलं तर नोटीस किती दिवसांची आणि भाड्याचं काय, हेही. आधीची थेरपिस्ट का गेली, हे मी थेट संस्थेच्या मुलाखतीत विचारते आणि दिवसाला किती मूल्यमापनं, किती उपचार, असंही विचारते. मूल्यमापनं भरपूर आणि उपचार जेमतेम असं उत्तर आलं की समजायचं. जिथे हे वाक्य लिहून द्यायला नकार मिळतो तिथे मी जात नाही, दर कितीही असो. चांगल्या एजन्सी लिहून देतात, मला दिलेलं आहे.

आजींच्या नोंदीबद्दलचा आग्रह आणि कापलेली थेरपी मी केंद्रीय आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या हॉटलाइनला कळवली, रुग्णांची ओळख फक्त त्यांनाच दिली. तुमच्यावर असा दबाव आला तर तिथे नाव न देताही तक्रार करता येते. त्या गावाची जाहिरात मात्र अजून दिसते, त्याच एजन्सीची, चाळीस तास गॅरंटीड म्हणून. पश्चिम कॅन्ससमधून असा फोन आला तर सही करण्याआधी तो मसुदा मला दाखवा. मी तुमच्यासोबत बसून ओळ न् ओळ वाचेन.