ईएसआयचे बेकारीचे पैसे : घेतले, वापरले, आता सांगते

या योजनेला पाचपैकी तीन गुण. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. बाकीच्यांनी मात्र नीट वाचा, कारण या योजनेत पैसे मिळणं-न मिळणं बारीकसारीक गोष्टींवर ठरतं आणि त्या कोणी आपण होऊन सांगत नाही.

नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. आमच्या लाईनवर हे नाव कोणाच्याच तोंडी बसलं नाही, सगळ्या 'ईएसआयचे बेकारीचे पैसे' असंच म्हणतात. ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी, कापली जाते आणि ज्यांची नोकरी जाते, त्यांना जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी सरासरी रोजाच्या निम्मे पैसे. 1 जुलै 2018 ला योजना सुरू झाली तेव्हा निम्मेसुद्धा नव्हते, पाव होते, आणि मागायचे तर आधी तीन महिने घरी बसावं लागायचं. कोरोनात, 2020 मध्ये, पावावरून निम्म्यावर आले आणि थांबायचा काळ 90 दिवसांवरून 30 वर आला. आणखी एक सुधारणा मला तर पैशांपेक्षा मोठी वाटते. पूर्वी अर्ज मालकामार्फत जायचा, आता आपण थेट ईएसआयच्या शाखेत देऊ शकतो. ज्याने कामावरून काढलं त्याच्याच दारात सही मागायला जायचं, ही कल्पनाच ज्याने काढली असेल त्याला एकदा आमच्या ठेकेदाराच्या ऑफिसबाहेर उभं करायला हवं.

मी भोसरी एमआयडीसीत वायरिंग हार्नेसच्या लाईनवर इन्स्पेक्शनला होते. गाडीत जो वायरींचा जुडगा असतो, तो बोर्डवर लावून कनेक्टर नीट बसलाय का, टेप सुटलेली नाही ना, हे बघायचं काम. कंत्राटावर. 2023 च्या पावसाळ्यात ती लाईन दुसऱ्या राज्यातल्या प्लँटला हलवली. आम्हाला एका शनिवारी शिफ्ट सुटताना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. कागद नाही, पत्र नाही. ग्रॅच्युइटीचा तर प्रश्नच नव्हता. ती साधारण पाच वर्षं सलग एका मालकाकडे काढली की मिळते, आणि आमचा ठेकेदार दर दोन-अडीच वर्षांनी बदलायचा. जागा तीच, बोर्ड तोच, खुर्चीसुद्धा तीच, मालक कागदावर नवा.

आता हिशेब, कारण बायका पहिल्यांदा तेच विचारतात. पगार 17,500 होता. त्यातून ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे महिना 132 रुपये कापले जायचे, मालक सव्वातीन टक्के भरायचा. आता सरळ मनात येतं की महिन्याला पावणेनऊ हजार मिळतील. तसं नाही. मागचे चार अंशदान (म्हणजे वर्गणीचे) कालखंड धरतात. एक कालखंड सहा महिन्यांचा, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. या चारांत मिळालेली सगळी कमाई एकत्र करायची आणि तिला 730 ने भागायचं. जो रोज येईल त्याच्या निम्मे. दोन वर्षं एकही खाडा नसेल तर 4,20,000 भागिले 730, म्हणजे 575 रुपये आणि काही पैसे. निम्मे 287. नव्वद दिवसांचे साधारण 25,890.

पण 730 हा आकडा हलत नाही, आणि ब्रेकवर काम करणाऱ्यांचं नुकसान होतं ते इथेच. समजा ठेकेदाराने मध्ये दोन महिने घरी बसवलं. कमाई 3,85,000 वर आली, भागायचं मात्र 730 नेच. हातात येतात 23,700 च्या आसपास. आधी ब्रेकमध्ये पगार बुडाला, मग बेकारीच्या पैशांतही तोच ब्रेक नडला. उलट बाजूला माझ्या वेळी, 2023 मध्ये, ओव्हरटाईमच्या पैशांवरही ईएसआय कापली जायची, त्यामुळे तो कमाईत धरला जायचा. म्हणून ज्यांचा ओव्हरटाईम तेव्हा ठेकेदार रोख पाकिटात द्यायचा आणि वर 'बघ, तुझं कटिंग वाचवलं' म्हणायचा, त्यांनी ते किती वाचलं हे एकदा कागदावर मांडून बघावं.

पात्रतेची अट लिहिते. नोकरी जाण्याआधी दोन वर्षं विमायोग्य, म्हणजे ईएसआय लागू असलेली, नोकरी हवी. शेवटच्या अंशदान कालखंडात किमान 78 दिवस भरलेले हवेत, आणि त्याआधीच्या तीन कालखंडांपैकी कुठल्याही एकात 78. पूर्वी ही अट चारही कालखंडांना होती, आता सैल आहे. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढलं असेल किंवा आपण होऊन निवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. आणि आयुष्यात एकदाच मिळतं, हे लक्षात ठेवा. आयुष्यभर कटिंग, पैसे एकदा.

माझं घोडं अडलं ते ठेकेदाराच्या एका खोडीमुळे. ईएसआयच्या वेबसाईटवर आपला दहा आकडी विमा नंबर टाकून लॉगिन करता येतं. त्यात दर महिन्याचे भरलेले दिवस आणि पगार दिसतो. मालक दर महिन्याला जो तक्ता भरतो त्यात शून्य दिवसांपुढे कारण टाकावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, कामगारकपात, काम नाही, असे पर्याय असतात. आमच्या ठेकेदाराने आम्हा सगळ्यांना 'रजेवर' टाकलं होतं! म्हणजे कागदोपत्री मी नोकरीतच. पगार नाही, काम नाही, गेटवर कार्ड चालत नाही, पण रजा मात्र मंजूर.

हे मला ईएसआय शाखेच्या खिडकीवरच्या बाईंनी दाखवलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टेबलावर अर्धा संपलेला डबा, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "ताई, तुम्ही बेकार नाहीच आहात. हे बघा, रजेवर आहात." मी म्हटलं, "मॅडम, अशी भरपगारी रजा असती तर मी आले असते का इथे?" त्या हसल्या नाहीत, पण काम केलं. माझ्याकडून साधा अर्ज लिहून घेतला, कामाचा शेवटचा दिवस, कोणी सांगितलं, सोबत आणखी कोण होत्या, सगळं. मग शाखेतून ठेकेदाराकडे विचारणा गेली. विचारणा गेल्यावर त्याची नोंद चटकन बदलली. आम्ही आठवडेच्या आठवडे फोन करत होतो तेव्हा त्याच्या माणसाला 'सिस्टीम डाऊन'च असायची.

या भानगडीत तीन महिने उलटूनच गेले होते, त्यामुळे मी 90 दिवसांचा दावा एकदमच केला. पुढच्या दिवसांचे आगाऊ मागता येत नाहीत, झालेल्या बेकारीचेच मिळतात. अर्ज त्याच लॉगिनमधून भरायचा, प्रिंट काढून सही करायची, आधार आणि पासबुकची झेरॉक्स जोडायची. आधी स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं, ते 2020 च्या शेवटी काढून टाकलं, तरी कोर्टाबाहेरचे टायपिंगवाले अजून 'लागतंच' म्हणून पैसे घेतात. घेऊ देऊ नका. आधार आणि बँक खातं विम्याच्या नोंदीला जोडलेलं असणं मात्र लागतंच. आणि पासबुक जुनं असेल तर आयएफएससी कोड तपासा. आमच्यातल्या दोघींची खाती पूर्वीच्या देना बँकेतली. ती बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, जुने कोड 2021 मध्ये बंद झाले, आणि ईएसआयच्या नोंदीत तोच जुना कोड बसलेला. नावातही तेच. आधारवर सासरचं, विम्यावर माहेरचं, अशा किती निघाल्या विचारू नका.

पैसे आले. दिवाळीच्या आधी आले, खात्यात थेट, मध्ये कोणी हात लावला नाही की चहापाणी मागितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सगळ्यांनी मला आधी उलटंच सांगून घाबरवलं होतं. दोन महिन्यांचं थकलेलं घरभाडं आणि मुलीची क्लासची फी त्यात गेली. शिवाय या काळात ईएसआयचा दवाखाना चालू राहतो. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या तिथूनच येत होत्या. कोणी दवाखान्यातून 'नोकरी नाही म्हणजे कार्ड बंद' म्हणून परत पाठवलं तर आपली पात्रतेची तारीख लॉगिनमध्ये दिसते, ती दाखवा.

मग दोन गुण का कापले? एक उशिरासाठी. नियमानेसुद्धा पहिले 30 दिवस काही नाही, आणि घरात कडकी असते ती त्याच 30 दिवसांत. किराणावाला महिनाभर थांबतो, भाड्याच्या खोलीचा मालक थांबत नाही. दुसरा गुण योजनेच्या तात्पुरतेपणासाठी. ही कायमची नाही, मुदत संपत आली की वाढवतात, असं 2018 पासून चाललंय. त्यामुळे अर्ज करण्याआधी सध्या मुदत कुठवर आहे ते शाखेत विचारूनच जा. कटिंगला मुदत नाही, भत्त्याला आहे.

खरं तर याच ईएसआयची एक जुनी योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 पासूनची. ती कितीतरी दणकट आहे. कारखाना बंद पडला किंवा कायद्याप्रमाणे कपात झाली, तर पहिलं वर्ष निम्मा रोज आणि दुसरं वर्ष पाव. दोन वर्षं! पण त्यासाठी बंद किंवा कपात कागदावर सिद्ध व्हावी लागते. आम्हाला शनिवारी तोंडी सांगितलं होतं, ते कुठल्या कागदावर दाखवणार? म्हणून ज्यांच्या कंपनीत कपातीची कुजबुज चालू आहे त्यांनी काहीही करून लेखी घ्या. भांडा, युनियन असेल तर तिला मध्ये घाला, पण 'राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करतो' याला सही करू नका. आमच्यातल्या चार-पाच जणींनी केली. हिशेब लगेच झाला हे खरं, पण पुढचे सगळे रस्ते त्या एका सहीने अवघड झाले.

पीएफचं थोडक्यात. मी 2023 मध्ये काढला तेव्हा एक महिन्याच्या बेकारीनंतर 75 टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेला, असा नियम होता. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलंय की 75 टक्के लगेच काढता येतील, पण पूर्ण हिशेबासाठी बारा महिने थांबावं लागेल. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकली नाही तर दोन महिन्यांनी आपली आपण टाकता येते. पाच वर्षांहून कमी नोकरी आणि रक्कम 50,000 च्या वर असेल तर टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात. पण पीएफ हे आपलेच साठवलेले पैसे, ते म्हातारपणातून उचलून आणायचे. ईएसआयचे तसे नाहीत, म्हणून आधी ते मागा.

शेजारचा मुलगा म्हणत होता, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत अर्ज करा ना काकू. त्यात बारावीवाल्याला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 महिना. चांगली आहे, पण वय 35 च्या आत हवं. आम्ही ती रेघ कधीच ओलांडली.

ज्यांना अजून नोकरी आहे त्यांच्यासाठी एक काम सांगते. आजच लॉगिन करून आपला विमा नंबर एकच आहे ना, बघा. ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना नंबर विचारायचा कंटाळा करतो आणि नवीन काढून टाकतो. मग जुनी वर्षं एका नंबरवर, नवी दुसऱ्यावर, आणि दोन वर्षांची अट कुठेच पुरी होत नाही. माझ्या शेजारच्या बोर्डवरची सुनंदा यातच अडकली. नंबर जोडून घ्यायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिला दुसरं काम मिळालंसुद्धा, चाकणला, 21,800 वर. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण ईएसआयची पगारमर्यादा जानेवारी 2017 पासून 21,000 वरच आहे. म्हणजे आता तिचं कटिंग बंद, दवाखाना बंद, आणि ही नोकरी गेली तर हे 90 दिवसही नाहीत. आठशे रुपयांसाठी. ती म्हणते, एचआरला सांगून पगार 20,900 करून घेऊ का? मी म्हटलं, आधी विचारून तर बघ.